स्वल्प घाम

चामराजपुरममध्ये गोपण्णांइतका नम्र माणूस दुसरा नाही, असं सगळे म्हणायचे. मी लग्न होऊन सोलापूरहून मैसूरला आले, तेव्हा शेजारच्या घरातून बाहेर येऊन मला पहिला नमस्कार केला तो त्यांनीच. मी नवी सून, ते चाळिशी उलटलेले गृहस्थ. मी ओशाळून पाया पडायला वाकले, तर ते मागे सरले आणि त्यांनी पुन्हा हात जोडले. दूधवाल्याला नमस्कार, पोस्टमनला नमस्कार, ऑफिसात साहेबानं शेकहँडसाठी हात पुढे केला तरी यांचा आपला नमस्कारच. सासूबाई म्हणायच्या, "संस्कार बघ कसे आहेत. आपल्या समाजात असला माणूस नाही."

संस्कार कसले, घाम होता. गोपण्णांच्या तळहातांना एवढा घाम यायचा की मूठ मिटली की बोटांच्या फटींतून पाणी निघावं. नमस्कारात हात एकमेकांना चिकटलेले राहतात, दुसऱ्या कुणाला कळत नाही, एवढाच त्या नम्रतेचा उगम. मी सोलापूरची, आमच्याकडे घाम ही काही बातमी नव्हे. पण आमचा घाम उन्हाला येतो. गोपण्णांचा घाम माणसं बघून यायचा, आणि तोही मैसूरच्या त्या थंडगार हवेत, जिथं लोक उन्हाळ्यातसुद्धा पहाटे चादर ओढून घेतात.

त्यांचं खरं नाव गोपीनाथराव. गोपण्णा हे कन्नडनं केलेलं. आमचा समाज मूळचा रंगाऱ्यांचा आणि कापडावर छपाई करणाऱ्यांचा. किती पिढ्यांमागे मैसूरला आला हे कुणालाच नक्की माहीत नाही आणि प्रत्येकजण छातीठोकपणे सांगतो. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात कन्नड इतकं मिसळलेलं की सुरुवातीला मी नुसती मान डोलवून वेळ मारून न्यायची. घामाला 'बेवरु' म्हणतात हा शब्द मी शिकले तो गोपण्णांच्या घरातच. त्या घरात तोच सगळ्यांत जास्त वापरला जायचा.

लहानपणापासून उपाय चालू होते. कापडावर रंग पक्का बसावा म्हणून रंगारी आधी कापड हिरड्याच्या काढ्यात आणि तुरटीच्या पाण्यात बुडवतात. आजोबांनी तोच न्याय नातवाला लावला. हात मळकट पिवळे झाले, पुढे शाळेत गोपीला कावीळ झालीय असं समजून वर्गानं त्याला वेगळं बसवलं, पण घाम होता तसाच. कापड रंगवायच्या खोलीत त्यांना कुणी येऊ देईना. जिथं हात ठेवतील तिथला रंग पसरायचा. शेवटी शिकून ते वीजखात्यात कारकून झाले. तिथं उजव्या हाताखाली टीपकागद ठेवून लिहायचे. वीजखात्यात राहून विजेचा उपाय करू नये हे बरं दिसत नाही, म्हणून पाण्याच्या दोन ताटल्यांत हात बुडवून बारीक वीज सोडणारं एक यंत्रही त्यांनी आणलं होतं. हात झिणझिणले, काही दिवस बरं वाटलं, आणि यंत्र माळ्यावर गेल्यावर पहिले पाढे पंचावन्न.

त्यांच्या बायकोला, सरसक्कांना, लग्नाच्या दिवशी काहीच कळलं नव्हतं. कन्यादानात हातावर पाणी सोडतात, हात ओला लागला तर त्यात नवल काय? "दुसऱ्या दिवशी पण ओलाच," सरसक्का सांगायच्या. "मी म्हटलं, भटजीनं एवढं पाणी घातलं की काय, सुकतच नाही म्हणून." हे त्या गोपण्णांच्या समोर सांगायच्या आणि गोपण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायचे.

पण हे सगळं त्यांनी चालवून घेतलं असतं. एक गोष्ट मात्र त्यांना कायमची सलत होती.

आमच्या समाजाचं देवीचं देऊळ आहे. नवरात्रात अष्टमीला देवीला नवा रेशमी शालू नेसवतात, आणि तो नेसवण्याचा मान गोपण्णांच्या घराण्यातल्या थोरल्या मुलाचा. आजोबांनी नेसवला, वडिलांनी नेसवला. वडील गेल्यावर पंचविशीतल्या गोपण्णांनी पहिल्यांदा शालू हातात घेतला आणि त्या अंजिरी रेशमावर त्यांची पाचही बोटं काळी उमटली. रंगाऱ्यांचा समाज तो, कापडावरचा डाग शंभर पावलांवरून ओळखणारा. शालू त्यांच्या हातून काढून त्यांच्या धाकट्या चुलतभावाला, रामोजींना, दिला. रामोजींचं रेशमी साड्यांचं दुकान, हात कसे खडखडीत. समाजाचे थोरले म्हणजे बाबूराव, हेडमास्तर होते, वर्गात पोरांना बोलायचे तसंच सगळ्यांना बोलायचे. ते म्हणाले, "हात सुकले की मान तुझाच, गोपण्णा. आमचं काय नाही." सगळे हसले. गोपण्णांनी मात्र ते वाक्य शब्दशः धरून ठेवलं.

मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा ते वाक्य जुनं झालं होतं, पण शिळं झालेलं नव्हतं. दर अष्टमीला गोपण्णा खांबाला टेकून बसायचे, रुमाल मुठीत धरून, आणि रामोजींच्या प्रत्येक निरीवर डोळा ठेवून असायचे. घरी आल्यावर म्हणायचे, "पदर स्वल्प आखूड झाला, अल्वा?" अल्वा म्हणजे नाही का. पदर कधीच आखूड नसायचा.

या 'स्वल्प'विषयी सांगायला हवं. आपल्या मराठीत स्वल्प म्हणजे थोडं, आणि तेही आपण स्वल्पविरामापुरतंच वापरतो. मैसूरला मात्र स्वल्पावाचून पान हलत नाही. स्वल्प थांबा म्हणजे तासभर. स्वल्प लांब आहे म्हणजे बस बघा. स्वल्प बरं नाही म्हणजे माणूस दवाखान्यात आहे. हे सगळं गोपण्णांना जन्मापासून ठाऊक होतं. तरी बेंगळूरचा डॉक्टर जेव्हा म्हणाला की ऑपरेशननंतर पाठीला आणि पोटाला स्वल्प घाम येईल, तेव्हा या गृहस्थांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या शब्दाचा अर्थ थोडं असा घेतला.

ऑपरेशनची बातमी त्यांना ऑफिसातल्या कुणीतरी दिली. खिशात मोबाइल असणं ही अजून मिरवण्याची गोष्ट होती, त्या काळातली ही हकिगत. काखेत बारीक भोकं पाडायची, दुर्बीण आत घालायची, पाठीच्या कण्याच्या बाजूनं एक नस जाते ती जाळून टाकायची, की हातांना घामाचा निरोपच जात नाही. सरसक्का म्हणाल्या, "हाताचा रोग, आणि छातीत काय शोधताय?" गोपण्णांनी त्यांना शरीरशास्त्र समजावलं. त्यांना स्वतःला ते आदल्या दिवशी कळलेलं होतं.

शुद्धीवर आले तेव्हा दोन्ही हात कोरडे आणि कोमट होते. गोपण्णा रडले. हे सरसक्कांनी मला सांगितलं, आणि सांगताना त्यांनी नेहमीसारखी थट्टा केली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नवऱ्यानं आपणहून त्यांचा हात हातात घेतला होता. "कसा वाटला?" मी विचारलं. "दुसऱ्या कुणाचा धरल्यासारखा," त्या म्हणाल्या आणि भाजी चिरायला लागल्या.

आणि मग आमच्या गल्लीतली सगळ्यांत नम्र व्यक्ती नाहीशी झाली. गोपण्णांनी नमस्कार करणं सोडलंच. जो भेटेल त्याचा हात धरायचा, दाबायचा आणि म्हणायचं, "मुट्टि नोडी." म्हणजे हात लावून बघा. भाजीवाल्यानं बघितलं, रिक्षावाल्यानं बघितलं, माझ्या सासऱ्यांनी तर एका सकाळी तीनदा बघितलं. आमच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे वारले, तिथं समाचाराला गेले असताना गोपण्णांनी त्यांच्या मुलाचा हात दोन्ही हातांत घेतला. मुलाला वाटलं सांत्वन करताहेत, त्याला हुंदका आला. गोपण्णा हळूच म्हणाले, "कोरडा आहे, अल्वा?"

ही मिरवणूक चालू असतानाच पाठ सुरू झाली. पाठ, पोट, मांड्या. कपाळावर टिपूस नाही, काखा कोरड्या, हात कोरडे, आणि छातीच्या खाली जणू कुणी नळ उघडा ठेवलाय. हाताचा जो काही घाम होता तो परवडला असं म्हणायची वेळ आली. पिशवीत दोन जादा शर्ट, खुर्चीवर आधी टॉवेल. एकदा टॉवेल विसरले म्हणून आमच्या आरामखुर्चीवर वर्तमानपत्र पसरून टेकले. उठले तेव्हा पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर कन्नड मथळा उलटा उमटला होता. माझे सासरे चष्मा लावून वाचायला लागले. छपाईवाल्यांच्या वंशात अखेर कुणीतरी छपाई केली, असं मी म्हटलं. गोपण्णा हसले नाहीत. मला वाटतं ते मी म्हणायला नको होतं, पण ते वाक्य समोर येऊन उभं राहिलं तर करणार काय.

हात इतके कोरडे पडले की कागद उलटेना, पिशवीचं तोंड उघडेना. बोटांना भेगा पडल्या, खोबरेल लावून बसावं लागे. ते बेंगळूरला परत गेले. ती नस पुन्हा जोडता येईल का म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणाला, जळलेलं कसं जोडणार? आणि तुमची तक्रार हातांची होती, हात सुकलेत ना? बाबूरावांची अट आणि डॉक्टरचं बोलणं, दोन्ही फक्त हातांपुरतंच होतं. आपणच तेवढं मागितलं होतं, असं म्हणत गोपण्णा परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून आले. सीटवर टॉवेल होताच.

तरी मान मिळाला. बाबूरावांनी हात चाचपून बघितले, उलटे करून बघितले, आणि दिला शब्द मोडायची सोय नाही म्हणून रामोजींना बाजूला व्हायला सांगितलं. इतक्या वर्षांची सवय रामोजींच्या हातांतून काढून घेतली, तर त्यांनी ते हात नुसते धोतराला पुसले.

त्या अष्टमीला गोपण्णा उघड्या अंगानं, सोवळ्याचं धोतर नेसून गाभाऱ्यात उभे राहिले. हिरवागार शालू. खोबरेल लावून चालणार नव्हतं, त्यामुळं कोरड्या बोटांतून रेशीम सटकत होतं आणि निऱ्या धरेनात. त्यांनी पळीतलं तीर्थ बोटांना लावलं, तेव्हा कुठं निऱ्या बसल्या. ज्या माणसानं जन्मभर हात सुकवायचा ध्यास घेतला त्याला ऐन वेळी हात ओले करावे लागले, हे मी बायकांच्या ओळीत बसून बघत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. तेवढ्यात त्यांच्या छातीवरून एक ओघळ निघाला, पोटावरून आला, आणि वाकल्यावर थेंब शालूवर पडला. धोतर तर पार भिजून अंगाला चिकटलं होतं.

घाम सोवळ्यात चालत नाही. पण भिजलेलं धोतर म्हणजे ओलेतं, आंघोळ करून अंग न पुसता पूजेला उभं राहणं, त्याहून कडक सोवळं नाही. माझ्या सासूबाईंनी भक्तिभावानं विचारलं, "ओलेत्यानं नेसवताय का, गोपण्णा?"

गोपण्णांनी क्षणभर देवीकडे बघितलं आणि म्हणाले, "हौदु."

हो म्हटलं, झालं. आरती झाल्यावर लोक त्यांच्या पाया पडले. रामोजींनी तीस वर्षं कोरड्यानं केलं, यांनी पहिल्याच वर्षी ओलेत्यानं, अशी तुलना सुरू झाली. आमच्या लोकांना पुण्यवान माणूस ओळखायची भारी हौस, आणि त्यांचा अंदाज दर वेळी घामावरच येऊन चुकायचा.

थापेचा एक त्रास असतो, ती पुढच्या वर्षीही मारावी लागते. दुसऱ्या अष्टमीला गोपण्णांनी देवळाच्या नळाखाली अंगावर खरंच बादली ओतून घेतली आणि निथळत गाभाऱ्यात गेले. आता पाणी आणि घाम दोन्ही. शालूच्या काठापाशी तळहाताएवढा ओला डाग पडला आणि पसरायला लागला. रामोजी उठून उभे राहिले. "अण्णा, ओल्या अंगानं रेशमापाशी जायचं नसतं. हे मी तुम्हाला सांगायचं?"

आरती तशीच उरकली. मग मंडपात पुरुष बसले, आम्ही बायका मागे. बाबूराव आता बरेच म्हातारे झाले होते, पण आवाज वर्गातलाच. "गोपण्णा, एकच सांग. पाणी की बेवरु?"

पाणी म्हणावं तर ओल्या माणसाला रेशमाला हात लावता येत नाही, रंगाऱ्याच्या घरात जन्मलेल्याला हे वेगळं शिकवत नाहीत. घाम म्हणावं तर सोवळं मोडलं, या वर्षीचं आणि मागचंही. गोपण्णांच्या धोतरातून फरशीवर पाणी साचत होतं. मला वाटलं, आता हा गृहस्थ पाणी म्हणेल. निदान अब्रू तरी वाचेल.

ते म्हणाले, "वर पाणी आहे. खाली बेवरु आहे. मागच्या वर्षी नुसता बेवरुच होता. ओलेतं नव्हतं ते, मी खोटं बोललो."

मंडपात कुजबुज झाली. गोपण्णांनी हात वर केला. "पण तुम्ही काय म्हटलं होतं, मास्तर? हात सुकले की मान तुझा म्हणून. पाठीचं तुम्ही काय बोलला नव्हता. हात सुकलेत की." आणि त्यांनी दोन्ही तळहात पुढे केले. "मुट्टि नोडी."

कुणी पुढे आलं नाही. वर्षापूर्वी त्याच मंडपात त्यांच्या पायांवर डोकी टेकवणारे लोक त्यांच्या हातांकडे बघत बसून राहिले. बाबूरावांनी चष्मा काढून पुसला. गोपण्णांनी बराच वेळ हात तसेच धरले होते. मला त्या वेळी त्या लोकांचा देवीसमोर बसून येऊ नये इतका राग आला. मग त्यांनी हात खाली घेतले आणि मान रामोजींकडे गेला.

सरसक्का त्या संध्याकाळी आमच्या पायरीवर येऊन बसल्या. "घाम चालतो की नाही हे देवीला कुणी विचारलं का? महिषासुराला मारताना तिला काय कुणी पंखा घालत होतं?" त्या म्हणाल्या. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. गोपण्णा आपल्या घरातून ओरडले, "सुम्ने, गप्प बस, सरसी." पण आवाजात जोर नव्हता.

पुढच्या वर्षी आमचं मैसूर सोडायचं ठरलं होतं. ह्यांची बदली झाली होती. जाण्याआधीच्या त्या अष्टमीला मी गोपण्णांना पाहिलं, ते शेवटचं.

ते येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. आले, धोतरावर शर्ट घालूनच, आणि भिंतीशी बसले. त्या दिवशी ऐन वेळी दिवे गेले. सगळ्यांनी सवयीनं गोपण्णांकडे बघितलं, जणू वीजखात्याची कळ त्यांच्याच खिशात होती. आणखी समया लावल्या, गाभाऱ्यात धग झाली. रामोजीही आता उतारवयाला लागले होते, शरीर सुटलं होतं. दोन्ही हातांत शालूच्या निऱ्या धरलेल्या, सोडल्या तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. त्यांच्या कपाळावर घाम जमला, भुवईवरून नाकाच्या शेंड्यावर आला. तिथं थोडा थांबला आणि शालूवर पडला.

सगळ्यांनी बघितलं. बाबूरावांनी बघितलं आणि ते छताकडे बघायला लागले. माझ्या सासूबाईंनी जप सुरू केला. पाणी की बेवरु, असं कुणी विचारलं नाही. मग एकेकाची नजर गोपण्णांकडे वळली. तो प्रश्न विचारायचा हक्क कुणाला असेल तर त्यांना होता, आणि ते विचारणार अशी माझी खात्री होती. खरं सांगायचं तर त्यांनी विचारावं म्हणून मी श्वास रोखून बसले होते.

गोपण्णा उठले. शर्ट काढून खांबाशी ठेवला. बाबूराव "गोपण्णा," असं म्हणाले, पण तोवर ते उंबरा ओलांडून आत गेले होते. रामोजींनी त्यांना येताना बघितलं. निऱ्या सोडता येत नव्हत्या, मागेही सरता येत नव्हतं. दुसरा थेंब भुवईपर्यंत आला होता.

गोपण्णांनी उजवा तळहात भावाच्या कपाळावर ठेवला आणि एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ओढला. हात धोतराला पुसला आणि पुन्हा ठेवला. रामोजींनी डोळे मिटले आणि तोंड वर केलं, आई तोंड पुसते तेव्हा मूल करतं तसं. ते मायेनं केलं की सगळ्यांना दाखवायला, हे मी नंतर सरसक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "दोन्ही असेल की."

आम्हाला दिसत होती ती गोपण्णांची पाठ. तिच्यावरून घाम वाहत होता आणि धोतर भिजत चाललं होतं. रामोजींनी निऱ्या खोचल्या, पदर काढला, तो देवीच्या खांद्यावर नीट बसवला. त्याला बराच वेळ लागला. तेवढा सगळा वेळ गोपण्णा त्यांचं कपाळ पुसत उभे होते.